बदललेल्या खुब्याचा एमआरआय: चिठ्ठीपासून रिपोर्टपर्यंत

“खुब्यात धातू आहे, एमआरआयमध्ये काही दिसणार नाही.” हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. धातू दिसत नाही, हे बरोबर. कप (ओटीपोटाच्या हाडातली वाटी), बॉल आणि स्टेम (मांडीच्या हाडात बसवलेला दांडा) यांच्या जागी काळा खड्डाच उमटतो. पण इम्प्लांट कसं बसलंय हे पाहायला एक्स-रे आहेच. एमआरआयकडून हवं असतं ते इम्प्लांटच्या भोवतालचं: सांध्याचं कॅप्सूल आणि त्याचं अस्तर, नितंबाचे स्नायू, त्यांचे टेंडन, सायटिक नस, हाडाला आतून लागलेली पोखरण. एक्स-रेला यातलं बहुतेक दिसत नाही. आणि १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) साध्या मशीनवरही सेटिंग नीट लावली तर यातलं बरंचसं दिसतं.

हा लेख मुख्यतः एमआरआय टेक्निशियन, रेडिओलॉजीचे शिकाऊ डॉक्टर आणि ऑर्थोपेडिक्सच्या मंडळींसाठी आहे. ज्यांचा स्वतःचा सांधा बदललेला आहे, त्यांना सुरक्षिततेचा भाग कामाचा वाटेल. बँडविड्थ आणि स्लाइसच्या चर्चेवरून त्यांनी खुशाल उडी मारून पुढे जावं.

पायरी १: चिठ्ठीवर प्रश्न लिहा

‘हिप रिप्लेसमेंट झालेली, दुखतं, एमआरआय करावा’ एवढ्याच चिठ्ठीवर झालेली तपासणी बहुधा वाया जाते. प्रत्येक शंकेसाठी बघायची जागा वेगळी असते, आणि जागा बदलली की स्लाइसची (चित्राच्या पातळ कापांची) दिशा आणि सेटिंगही बदलते.

एमआरआयला विचारण्याजोगे प्रश्न साधारण असे. बॉल आणि कप दोन्ही धातूचे असतील, तर धातूच्या कणांमुळे आजूबाजूच्या ऊतींत प्रतिक्रिया उमटली आहे का? पॉलिएथिलिनच्या लायनरचा (कपाच्या आतल्या अस्तराचा) जुना सांधा असेल, तर झिजलेल्या प्लॅस्टिकच्या कणांपायी हाड पोखरलं गेलंय का, आणि किती? एक्स-रे स्वच्छ आहे पण पेशंट लंगडतो, तर ग्लुटियस मीडियस आणि मिनिमस या नितंबाच्या स्नायूंचे टेंडन ट्रोकँटरवरून (मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावरून) सुटलेत का? बसल्या जागेवरून पाय उचलताना जांघेत कळ येते, तर इलिओसोआसचा (मांडी वर उचलणाऱ्या स्नायूचा) टेंडन कपाच्या पुढच्या कडेवर घासतोय का? ऑपरेशननंतर पाऊल वर उचलत नाही, तर सायटिक नसेवर कुठे दाब आहे का?

काही प्रश्न एमआरआयचे नाहीतच. सांधा निखळला का, कप किती अंशांत बसलाय, स्टेमभोवती उघड फ्रॅक्चर आहे का, याची उत्तरं एक्स-रे आणि सीटी जास्त सरळ देतात. जंतुसंसर्गाबाबतही एमआरआय पुरावा पुरवतो, निकाल देत नाही. निकाल ईएसआर, सीआरपी (रक्तातल्या दाहाच्या चाचण्या) आणि सुईने काढलेल्या सांध्यातल्या द्रवाच्या तपासणीवर ठरतो.

म्हणून चिठ्ठीवर इतकं तरी हवंच: ऑपरेशन कधी झालं, सर्जन कोणत्या बाजूने आत शिरले होते, बॉल-लायनर-स्टेम कशाचे आहेत, सिमेंट वापरलंय का, तक्रार नेमकी काय आणि कधीपासून, आणि केलेल्या असतील तर रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमचे व सीआरपीचे आकडे. ऑपरेशनच्या नोंदीत इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात. त्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत पाठवला तरी निम्मं काम होतं.

धातूवर धातू असलेल्या सांध्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या तपासणीला आजचं महत्त्व मुख्यतः त्यांच्यामुळेच आलं. २००८ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने अशा सांध्यांभोवती वाढणाऱ्या गाठींचं वर्णन ‘स्यूडोट्यूमर’ या नावाने केलं. गाठ म्हटलं तरी हा कर्करोग नव्हे. धातूच्या सूक्ष्म कणांना आणि आयनांना ऊतींनी दिलेली ती प्रतिक्रिया असते. ऑगस्ट २०१० मध्ये डिप्यू कंपनीने आपले एएसआर जातीचे सांधे जगभरातून परत बोलावले. त्याच वर्षी ब्रिटनच्या एमएचआरए या नियामक संस्थेने सर्वच मेटल-ऑन-मेटल सांध्यांच्या पेशंटवर लक्ष ठेवण्याची सूचना काढली आणि २०१२ व २०१७ मध्ये ती सुधारली. रक्तात लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त कोबाल्ट किंवा क्रोमियम आढळलं तर पुढची चौकशी करावी, ही खूण तिथूनच रूढ झाली. पण आकडा कमी आहे म्हणून सांधा निर्धोक, असा उलटा अर्थ काढू नये. आकडा कमी असतानाही मोठी गाठ सापडते, आणि कसलीच तक्रार नसलेल्या पेशंटमध्येही सापडते.

लायनर प्लॅस्टिकचा असला की ही काळजी मिटली, असंही नाही. कोबाल्ट-क्रोमचा बॉल स्टेमच्या निमुळत्या मानेवर जिथे घट्ट बसवलेला असतो, तिथे सूक्ष्म हालचालीने गंज लागू शकतो. प्रतिक्रिया तशीच, गाठ तशीच. अशा वेळी रक्तात क्रोमियमच्या मानाने कोबाल्ट जास्त वाढलेलं दिसतं. प्लॅस्टिकचा लायनर पाहून ही शक्यता मनातून काढून टाकणं, ही वाचणाऱ्याच्या हातून हमखास होणारी गफलत.

पायरी २: एक्स-रे शेजारी लावा

एक्स-रे न पाहता बदललेल्या खुब्याचा एमआरआय करू नये आणि वाचूही नये. ओटीपोटाचा समोरून आणि खुब्याचा बाजूने घेतलेला, असे ताजे एक्स-रे हवेत. जमलं तर ऑपरेशननंतर लगेच काढलेलेही. टेक्निशियनला त्यावरून स्टेम किती लांब आहे, तारा किंवा प्लेट आहेत का, दुसऱ्या बाजूचाही सांधा बदललेला आहे का, हे कळतं. स्लाइस कुठवर न्यायच्या ते त्यावरच ठरतं. वाचणाऱ्याला कळतं की समोर दिसणारा काळा डाग धातूचा आहे, सिमेंटचा आहे की ऑपरेशननंतर नको तिथे वाढलेल्या हाडाचा. एमआरआयवर हे तिन्ही काळे दिसू शकतात.

पायरी ३: सुरक्षिततेची चौकशी

आज वापरात असलेले खुब्याचे सांधे टायटॅनियमचं मिश्रण, कोबाल्ट-क्रोम, चुंबकाला न चिकटणारं स्टेनलेस स्टील, सिरॅमिक आणि पॉलिएथिलिन यांचे असतात. मशीनच्या चुंबकाने ते ओढले जाऊन बाहेर येतील ही भीती निराधार आहे. तरीही लेबलवर ‘एमआर सेफ’ अशी अपेक्षा धरू नका. एएसटीएम एफ२५०३ या मानकानुसार ते लेबल धातू किंवा वीजवाहक भाग नसलेल्या वस्तूंसाठी असतं. धातूचा सांधा ‘एमआर कंडिशनल’ असतो, म्हणजे ठरावीक अटींत सुरक्षित. अटी इम्प्लांटच्या माहितीपत्रकात दिलेल्या असतात: चुंबकाची ताकद किती, एसएआर किती, सलग किती वेळ.

एसएआर म्हणजे रेडिओ लहरींतून शरीराच्या दर किलोला दर सेकंदाला मिळणारी ऊर्जा. मशीनच्या नॉर्मल मोडमध्ये सगळ्या शरीराची सरासरी मर्यादा किलोमागे २ वॉट असते, त्यापुढच्या पहिल्या नियंत्रित पातळीवर ४ वॉट. धातूमुळे होणारा बिघाड कमी करणाऱ्या सीक्वेन्सेसमध्ये (चित्र घेण्याच्या ठरावीक पद्धतींमध्ये) जोरकस रेडिओ पल्स भराभर जातात, त्यामुळे एसएआर लवकर चढतो. नॉर्मल मोडमध्ये राहूनच सीक्वेन्स बसवावेत. टीआर (एका पल्सपासून पुढच्या फेरीपर्यंतचा वेळ) वाढवून आणि रीफोकसिंगचा (सिग्नल पुन्हा जुळवणाऱ्या पल्सचा) कोन १८० अंशांवरून १३० ते १५० च्या आसपास आणून ते जमतं. पेशंटला आधीच सांगून ठेवावं की मांडीत किंवा खुब्यात ऊब वाढल्यासारखी वाटली तर बेल दाबायची, सहन करत पडून राहायचं नाही. गुंगी दिलेला पेशंट हे सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत जास्त सावध राहायचं.

ऑपरेशननंतर सहा आठवडे थांबायलाच हवं, हा नियम जुन्या सवयीतून चालत आलेला आहे. सिमेंटने किंवा हाडात ठोकून बसवलेल्या, चुंबकाला न चिकटणाऱ्या सांध्यासाठी सुरक्षिततेच्या कारणाने थांबण्याची गरज नसते. थांबावं ते वेगळ्याच कारणाने: पहिले काही महिने सांध्यात पाणी, हाडात सूज, स्नायूत रक्त हे सगळं ऑपरेशनचंच असतं, आणि त्यातून आजार निवडणं अवघड जातं.

आणि खुब्याच्या चौकशीत गुंतून बाकीचं विसरू नये. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली जुनी क्लिप, डोळ्यात गेलेला धातूचा कण, औषधाचा पॅच. खरा धोका बहुतेक वेळा यातच असतो, खुब्यात नाही.

पायरी ४: चित्र बिघडतं कसं, हे समजून घ्या

हे समजलं की सेटिंग पाठ करावी लागत नाही. एमआरआय मशीन सिग्नल कुठून आला हे त्याच्या वारंवारतेवरून ओळखतं. धातूजवळ चुंबकीय क्षेत्र वाकडं होतं, वारंवारता बदलते आणि सिग्नल चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पत्रासारखा भलत्याच ठिकाणी पोचतो. जिथून तो हलला तिथे काळी पोकळी राहते, आणि जिथे अनेक सिग्नल एकत्र येऊन पडले तिथे पांढराशुभ्र पट्टा उमटतो. ही सरक दोन दिशांनी होते: चित्राच्या प्रतलात फ्रीक्वेन्सीच्या दिशेने, आणि एका स्लाइसमधून शेजारच्या स्लाइसमध्ये. शिवाय फॅट ओळखून दाबणारी बरीच नेहमीची तंत्रं फॅट आणि पाणी यांच्या वारंवारतेतल्या फरकावर चालतात. धातूजवळ तो हिशेबच कोलमडतो.

सगळे धातू सारखे त्रास देत नाहीत. चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद शरीराच्या ऊतींत उणे ९ पीपीएमच्या (दशलक्षांशांच्या) आसपास असतो, टायटॅनियममध्ये १८० च्या आसपास, कोबाल्ट-क्रोममध्ये ९०० च्या आसपास आणि स्टेनलेस स्टीलमध्ये काही हजार. सिरॅमिक आणि पॉलिएथिलिन जवळजवळ काहीच उपद्रव करत नाहीत. म्हणजे टायटॅनियमचा स्टेम आणि सिरॅमिकचा बॉल असेल तर साध्या सीक्वेन्सनेही सुंदर चित्र मिळतं, आणि दोन्हीकडे कोबाल्ट-क्रोमचे मोठे बॉल असतील तर सगळी हत्यारं काढावी लागतात. चिठ्ठीवर धातूचं नाव मागायचं ते यासाठी. आकारही महत्त्वाचा: चुंबकाच्या अक्षाशी साधारण समांतर पडलेला लांब स्टेम कमी बिघडवतो, गोल बॉल आणि कप जास्त.

पायरी ५: मशीन आणि प्रोटोकॉल

दोन मशीन असतील तर १.५ टेस्लाचं निवडा. ३ टेस्लावर ही सरक दुप्पट होते. ‘जास्त टेस्ला म्हणजे जास्त चांगलं’ हा समज इथे साफ उलटा पडतो, आणि नातेवाईकच नव्हे, पाठवणारे डॉक्टरही कधी कधी ३ टेस्लाचा आग्रह धरतात. तो नम्रपणे मोडावा. फक्त ३ टेस्लाच उपलब्ध असेल तर धातूसाठीचे खास सीक्वेन्स आणि टायटॅनियमचा सांधा यांच्या जोरावर काम निभतं.

पेशंट उताणा, गुडघ्यांखाली छोटी उशी, पावलं पट्ट्याने एकत्र धरलेली. खुब्यावर बॉडी कॉइल आणि खालून स्पाइन कॉइल. दुखऱ्या खुब्याने अर्धा-पाऊण तास स्थिर पडून राहणं सोपं नाही, म्हणून महत्त्वाचा सीक्वेन्स आधी घ्या, शेवटी ठेवू नका.

साधारण क्रम असा ठेवता येतो. पहिल्यांदा पूर्ण ओटीपोटाचा कोरोनल (समोरून दिसणारा) एसटीआयआर (फॅट दाबून पाणी उजळ दाखवणारा सीक्वेन्स), दोन्ही खुबे एकत्र. सूज, पाणी, गाठ, दुसऱ्या बाजूचा आजार, सेक्रमचं बारीक फ्रॅक्चर हे सगळं इथे एका नजरेत येतं. मग फक्त आजारी खुब्यावर, १८ ते २२ सेंटीमीटरच्या छोट्या फील्डमध्ये, तिन्ही दिशांनी प्रोटॉन डेन्सिटीचे टर्बो स्पिन एको. टीई (पल्सनंतर सिग्नल घेईपर्यंतचा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास. त्यानंतर एक अॅक्सिअल टी१ (फॅट उजळ दाखवणारा सीक्वेन्स), स्नायूंतल्या चरबीसाठी. शेवटी, सोय असेल तर, सेमॅक किंवा मॅव्हरिक या धातूसाठीच्या खास तंत्रांचा एसटीआयआर आणि प्रोटॉन डेन्सिटी. स्लाइस कपाच्या बऱ्याच वरपासून स्टेमच्या टोकाखाली दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत न्यायच्या. टोक सोडून दिलेला एमआरआय अपुराच, कारण मांडीत दुखणारा स्टेम टोकापाशीच बोलतो.

आता सेटिंग. यातली सगळ्यात महत्त्वाची रिसीव्हर बँडविड्थ, म्हणजे सिग्नल किती रुंद वारंवारता-पट्ट्यात वाचायचा ते. नेहमीच्या सांध्याच्या एमआरआयमध्ये ती पिक्सेलमागे १५०-२०० हर्ट्झ असते. इथे ४०० ते ८०० पर्यंत न्या. बँडविड्थ दुप्पट केली की चित्रातली सरक निम्मी होते, पण सिग्नल-नॉइज सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. तो भरून काढायला अॅव्हरेज (तेच मोजमाप किती वेळा घ्यायचं ते) दुप्पट करावे लागतात, म्हणजे वेळही दुप्पट. हा सौदा डोळे उघडे ठेवून करायचा; बँडविड्थ कमाल, अॅव्हरेज किमान असं केलं तर आर्टिफॅक्ट (धातूमुळे आलेला बिघाड) जातो आणि त्याच्यासोबत चित्रही जातं.

स्लाइस ३ ते ४ मिलिमीटरच्या, फट न ठेवता. फ्रीक्वेन्सीच्या दिशेने मॅट्रिक्स ५१२ पर्यंत. एको ट्रेन लांब आणि दोन एकोंमधलं अंतर होईल तितकं कमी. फ्रीक्वेन्सीची दिशा अशी निवडा की सरक तुम्हाला बघायच्या जागेपासून दूर जाईल. ग्लुटियसचे टेंडन पाहायचे असतील तर सरक ट्रोकँटरवर येऊन पडता कामा नये. शंका असेल तर तोच सीक्वेन्स फेज आणि फ्रीक्वेन्सीची अदलाबदल करून पुन्हा घ्यावा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की खरं काय नि भास कोणता हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे उलगडतं.

फॅट दाबायला फक्त एसटीआयआर. १.५ टेस्लावर टीआय (इन्व्हर्जन पल्सनंतर थांबायचा वेळ) १५० मिलिसेकंदांच्या आसपास. इन्व्हर्जन पल्सची बँडविड्थ एक्सायटेशन पल्सशी जुळवून घ्या, नाहीतर धातूलगतचं फॅट न दबता पांढरं राहतं आणि पाणी म्हणून खपून जातं. केमिकल फॅट-सॅट, ग्रेडियंट एको आणि डिफ्यूजन यांना धातूजवळ थाराच नाही. डिक्सन हे फॅट आणि पाणी वेगळं करणारं तंत्रही धातूलगत त्यांची अदलाबदल करतं. लोकलायझरसुद्धा (जागा ठरवायचं पहिलं चित्र) शक्यतो टर्बो स्पिन एकोवर घ्या. ग्रेडियंट एकोच्या लोकलायझरवर काळा ढग पाहून तपासणीच गुंडाळून ठेवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

व्ह्यू अँगल टिल्टिंग हे तंत्र १९८८ पासून माहीत आहे. ते चित्राच्या प्रतलातली सरक बरीच सरळ करतं, बदल्यात चित्र थोडं अंधुक होतं. स्लाइसमधून स्लाइसमध्ये होणारी गळती मात्र त्याने थांबत नाही. ती पकडायला २००९ मध्ये दोन तंत्रं पुढे आली. सेमॅकमध्ये प्रत्येक स्लाइसच्या आजूबाजूला जास्तीचे टप्पे मोजून, भरकटलेला सिग्नल मूळ जागी परत आणला जातो. मॅव्हरिकमध्ये वेगवेगळ्या वारंवारतांवर स्वतंत्र चित्रं घेऊन ती एकत्र जोडतात. आजच्या मशीनमध्ये कंपनीनुसार यांची नावं वेगळी आणि काही ठिकाणी दोन्हींचा संकर असतो. सेमॅकचे टप्पे टायटॅनियमसाठी सहा ते दहाही पुरतात, कोबाल्ट-क्रोमसाठी जास्त लागतात. कमी ठेवले तर धातूभोवती पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा उमटतात. टप्पे वाढले की वेळ वाढतो, म्हणून हे सीक्वेन्स एक-दोन दिशांपुरते ठेवणं शहाणपणाचं. अंधुकपणा त्यांत असतोच. बारीक टेंडन नि नसा साध्या, तीक्ष्ण प्रोटॉन डेन्सिटीवर वाचा आणि हाड-इम्प्लांटची सीमा सेमॅक-मॅव्हरिकवर. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. हे खास सीक्वेन्स मशीनवर नाहीत म्हणून पेशंटला परत पाठवण्याचं मात्र कारण नाही.

कॉन्ट्रास्टची गरज क्वचित पडते. फॅट नीट दबत नसताना गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्टचा फायदा अर्ध्यावर येतो. जंतुसंसर्गात पूची पिशवी शोधायची असेल तर विचार करावा, एरवी नाही.

पायरी ६: पेशंटला उठवण्याआधी

तीन जागा मशीनवरच तपासा. कप आणि हाड यांच्यातली रेषा निदान एका दिशेत दिसते का? ट्रोकँटरवरचे टेंडन काळ्या ढगात गेले नाहीत ना? स्टेमचं टोक आलंय का? यातली एखादी जागा झाकली गेली असेल आणि चिठ्ठीवरचा प्रश्न नेमका तिथलाच असेल, तर तो सीक्वेन्स फ्रीक्वेन्सी फिरवून परत घ्या. दहा मिनिटं जातील, पण पेशंटची दुसरी खेप वाचेल.

पायरी ७: वाचन

सुरुवात सांध्याच्या पिशवीपासून करावी, कारण आजार बहुधा तिथेच आपली जात दाखवतो. थोडंसं पाणी आणि पातळ, गुळगुळीत कॅप्सूल याला आजार म्हणू नये. मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर मागच्या कॅप्सूलमध्ये छोटं खिंडार राहिलेलं असू शकतं.

प्लॅस्टिकच्या झिजेत पिशवी फुगते आणि आत पाण्यापेक्षा काळसर, मध्यम छटेचा, दाणेदार ऐवज भरलेला दिसतो. तोच ऐवज हाडात शिरला की पोखरण: मध्यम छटेची जागा आणि भोवती काळी बारीक किनार. हाडातली नेहमीची पिवळी मज्जा टी१ आणि प्रोटॉन डेन्सिटीवर उजळ असते, तिच्या जागी ही मंद छटा दिसली की पोखरण पकडता येते. कपामागची आणि इश्चियममधली (बसताना टेकणाऱ्या हाडातली) पोखरण एक्स-रेवर धातूआड लपते, एमआरआयवर उघडी पडते. पेशंटला काहीच दुखत नसतं, आणि तरीही हाड एवढं गेलेलं असतं की पुढच्या ऑपरेशनचा सगळा बेत बदलावा लागतो.

धातूच्या प्रतिक्रियेत पिशवीचं अस्तर जाड होतं, कधी पाणी, कधी घट्ट ऐवज, कधी दोन्ही, आणि अस्तरात काळे ठिपके धातूच्या कणांचे. पिशवी फुटून पुढे इलिओसोआसच्या बर्साकडे (टेंडनजवळच्या द्रवाच्या पिशवीकडे) किंवा मागे ट्रोकँटरच्या बाजूला पसरते. ट्रोकँटरजवळ पाणी दिसलं की ‘बर्सायटिस’ असं लिहून मोकळं होण्याआधी त्या पाण्याचा माग काढत सांध्यापर्यंत जा. मागच्या कॅप्सूलमधून निघालेली बारीक वाट सापडली तर तो बर्सायटिस नव्हे. गाठींचे ढोबळमानाने तीन प्रकार करतात: पातळ भिंतीच्या पाण्याच्या, जाड वेड्यावाकड्या भिंतीच्या, आणि घट्ट. पातळ भिंतीची छोटी पाण्याची पिशवी वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. माझ्या मते गाठीच्या आकारापेक्षा दोन गोष्टी सर्जनला जास्त उपयोगी पडतात: भिंत किती जाड, आणि ग्लुटियसचे स्नायू व टेंडन खाल्ले गेलेत का. मोठी पण पातळ गाठ थोडं थांबू देते. छोटी असूनही मीडियसचं टेंडन गिळत चाललेली गाठ थांबू देत नाही, कारण तो स्नायू गेला की नवा सांधाही नीट चालत नाही.

जंतुसंसर्गात अस्तराच्या एकावर एक थर असल्यासारख्या उजळ पाकळ्या दिसतात, सूज कॅप्सूलच्या बाहेर स्नायूत आणि त्वचेखाली पसरते, पूच्या पिशव्या किंवा त्वचेकडे निघालेला नाळीसारखा मार्ग सापडतो, जांघेतल्या लसिका ग्रंथी फुगतात. यातली कॅप्सूलबाहेरची सूज सगळ्यात बोलकी. तरीही हे चित्र आणि धातूच्या प्रतिक्रियेचं चित्र एकमेकांत मिसळू शकतं; म्हणून ‘संसर्गाची दाट शंका, द्रव तपासावा’ एवढंच म्हणावं, त्यापुढे जाऊ नये.

इम्प्लांट सैल झालंय का, हे हाड आणि धातू किंवा सिमेंट यांच्या सीमेवर कळतं. एक-दोन मिलिमीटरची पातळ, एकसारखी रेषा चालते. रेषा रुंद, पाण्यासारखी उजळ आणि सगळीकडून वेढणारी असेल तर सैलपणाची शंका घ्या. फसवणूक इथेच जास्त होते: सिग्नल एकत्र येऊन पडल्याने धातूच्या कडेला जो पांढरा पट्टा उमटतो, तो एसटीआयआरवर हुबेहूब पाण्यासारखा दिसतो. दुसऱ्या दिशेच्या स्लाइसवर आणि फ्रीक्वेन्सी फिरवलेल्या चित्रावर तो जागा बदलत असेल तर तो भास आहे. खरं पाणी जागचं हलत नाही.

स्नायूंकडे दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा. बाजूने केलेल्या ऑपरेशननंतर मिनिमसच्या पुढच्या भागात थोडी चरबी न दुखणाऱ्या माणसातही आढळते. मीडियसचं टेंडन ट्रोकँटरवरून सुटलेलं असेल, किंवा त्याच्या मागच्या भागात चरबी भरली असेल, तर ते सहज म्हणून सोडू नये. लंगडण्याचं कारण बहुधा तेच. जांघेतल्या दुखण्यात सॅजिटल आणि अॅक्सिअलवर कपाची पुढची कड हाडाबाहेर किती डोकावते आणि इलिओसोआस तिच्यावरून कसा वळतो ते बघा. टेंडनभोवती पाणी असेल तर शंका बळावते, पण पक्कं होतं ते तिथे बधिर करणारं इंजेक्शन देऊन दुखणं थांबलं की.

सायटिक नस अॅक्सिअलवर वरपासून खालपर्यंत स्लाइस स्लाइस पाहत उतरायची. आणि शेवटी खुबा सोडून कंबर, सेक्रम, दुसरा खुबा. ‘खुबा दुखतो’ म्हणणाऱ्यांचं मूळ कित्येकदा कंबरेतच असतं.

पायरी ८: रिपोर्ट

पहिल्याच ओळीत चिठ्ठीवरच्या प्रश्नाचं उत्तर द्या. गाठ असेल तर तिन्ही मापं, भिंतीची जाडी, आतला ऐवज, सांध्याशी जोडणारी वाट, नस आणि रक्तवाहिन्यांपासूनचं अंतर. हाडाची झीज सर्जनच्या भाषेत सांगा: मांडीच्या हाडासाठी ग्रुएनचे सात भाग, कपाभोवती डीली-चार्नलीचे तीन. दोन्ही बाजूंच्या स्नायूंची तुलना वेगळ्या ओळीत.

‘धातूच्या आर्टिफॅक्टमुळे मूल्यमापन मर्यादित’ ही तयार ओळ सगळ्या रिपोर्टमध्ये सापडते आणि कुणाच्याच कामाची नसते. नेमकं काय दिसलं नाही ते लिहा: ‘कपाच्या वरच्या-आतल्या बाजूची हाडाची सीमा दिसत नाही, मागची बाजू आणि ट्रोकँटर स्पष्ट.’ मग सर्जनला कळतं की त्या एका कोपऱ्यासाठी सीटी काढायचा की नाही. धातूचे आर्टिफॅक्ट कमी करणारा सीटी हाडाचा तपशील आणि कपाचा कोन चांगला दाखवतो. वरवरचं पाणी पाहायला आणि सुई घालायला सोनोग्राफी सोपी. एमआरआय घडण्याजोगा नसेल तर या दोन्हींवर भागवता येतं, फक्त हाडाच्या आतली सूज आणि खोलवरची गाठ त्यांत निसटू शकते.

पुढची तपासणी कधी करायची हे सर्जनने ठरवायचं, पण ती कशी करायची हे रिपोर्टमध्येच नोंदवून ठेवा: कोणतं मशीन, किती टेस्ला, कोणते सीक्वेन्स, किती बँडविड्थ, फ्रीक्वेन्सी कोणत्या दिशेने. पुढच्या वेळी वेगळ्या मशीनवर वेगळ्या सेटिंगने घेतलेल्या चित्रात गाठ पाच मिलिमीटरने मोठी दिसली, तर ती वाढली की नुसती सरकली, हे कुणालाच सांगता येणार नाही.